काचा स्वच्छ आहेत ना?

मोखाड्याच्या आमच्या भाड्याच्या घरात दोन चुली होत्या. एक आईची, स्वयंपाकाची. दुसरी मागच्या पडवीत, तीन दगडांची, अण्णांच्या सरसाची. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सुतारकामाचा डिंक. त्याच्या तपकिरी वड्या आदल्या दिवशी भिजत घालायच्या आणि मग पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून सावकाश वितळवायच्या. थेट आचेवर ठेवला तर तो करपतो, त्याची ताकद जाते. त्याचा वास असा काही सुटायचा की आई पदर नाकाला लावूनच नाचणीची भाकर थापायची. "देवाधर्माच्या घरात हे काय शिजवत बसता हो?" असं ती दर रविवारी म्हणायची आणि अण्णा दर रविवारी तेच उत्तर द्यायचे, "तुझा देव्हारा कशानं धरून ठेवलाय, विचार की त्या सुताराला."

अण्णा कचेरीत कारकून होते. सकाळी दहाला जायचे, संध्याकाळी सहाला यायचे. हातपाय धुऊन, चहा पिऊन ते पडवीत पाट टाकून बसले की त्यांचा खरा दिवस सुरू व्हायचा. त्यांना लहान लहान वस्तू करण्याचा नाद होता. खेळणी नव्हेत, प्रतिकृती. डाकबंगला, ओढ्यावरचा पूल, पोशेऱ्याकडचं एक कुडाचं घर, त्यातल्या कणगीसकट. फायलींचे जुने पुठ्ठे, सावरीचं हलकं लाकूड, बांबूच्या कामट्या, आगपेटीच्या काड्या, असं काहीही त्यांना चालायचं. विकायचं कधी त्यांच्या मनात आलं नाही. झालेली वस्तू काही दिवस फळीवर राहायची, मग कुणा शाळेच्या प्रदर्शनाला जायची आणि बहुधा परत यायची नाही. अण्णांना त्याचं वाईट वाटायचं नाही. करण्यातच त्यांचं पोट भरत असावं.

त्यांच्या हाताखाली मी असायची. वत्सूताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिला अभ्यास असायचा. मला अभ्यास असूनही मी करत नसे. सांधा चिकटवला की तो सुकेपर्यंत धरून बसणं हे माझं काम. "सोडू नकोस," अण्णा म्हणायचे, "शंभर मोजून झाले की पुन्हा शंभर मोज." बोटं बधिर व्हायची. बाहेर जीपवाले "जव्हार, जव्हार" करून ओरडत असायचे, समोरच्या गिरणीचा पट्टा फटफटत असायचा आणि मी मोजत असायची.

कशाला काय लावायचं ते मला तेव्हाच पाठ झालं. कागदाला भाताची खळ, पण तिच्यात चिमूटभर मोरचूद हवं, नाहीतर झुरळं खातात. लाकडाला सरस. रबराच्या चाकांना सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन; पण ते थर्माकोलला चुकूनही लावायचं नाही, थर्माकोल साखरेसारखा विरघळतो. आणि नाजूक जागेसाठी झाडाचा डिंक. तो बाजाराच्या दिवशी पोशेऱ्याहून येणारी सोनीबाय आणायची. ती खुरासणी आणि वरई विकायला बसे. डिंकाचे खडे तिच्या पदराच्या गाठीत असत. "धावड्याचा हाय, बाय," ती मला म्हणायची. "लाडवात घाल नायतर कागुदाला लाव, सुटायचा नाय. तुझ्या बापाला सांग, पाणी कमी घाल म्हनावं."

या सगळ्यांत अण्णांचा आवडता होता तो नाशिकच्या दुकानातून आणलेला पांढरा डिंक, दुधासारखा दाट. त्याला वास नव्हता, घाई नव्हती. "हा डिंक सज्जन माणूस आहे," अण्णा म्हणत. "काम करतो आणि दिसेनासा होतो." खरंच, सुकला की तो काचेसारखा पारदर्शक व्हायचा, कुठे लावला होता ते शोधूनही सापडत नसे. गेल्या वर्षी माझ्या नातवाला शाळेचा प्रकल्प करून देताना मी तसलाच डिंक वापरला. तो म्हणाला, "आजी, एवढा वेळ कोण धरून बसेल?" त्याचं खरं आहे. आता कुणी बसत नाही.

त्या वर्षी अण्णांनी लाल गाडी करायला घेतली होती, मोखाड्याहून नाशिकला जाणारी आमची एस.टी. स्टँडवर जाऊन त्यांनी खऱ्या गाडीची टेपने मापं घेतली होती. ड्रायव्हर हसला होता, "भाऊसाहेब, गाडीला सदरा शिवताय काय?" आठ महिने काम चाललं. आतली बाकं, पत्र्याचा टप, मागची शिडी, सगळं झालं. राहिल्या होत्या त्या काचा. त्या आम्ही शर्टांच्या खोक्यांच्या पारदर्शक झाकणांतून कापल्या होत्या. चार काचा अण्णांनी पांढऱ्या डिंकाने बसवल्या आणि तेवढ्यात त्यांना कचेरीच्या कामासाठी खेड्यांत जावं लागलं, चार दिवस.

आमच्या घरात तेव्हा आनंदाचे दिवस होते. ताई बारावी झाली होती आणि नाशिकला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. आमच्या ओळखीत तोवर कुणाची मुलगी शिकायला एकटी नाशिकला गेली नव्हती. आई कुरकुरत होती, पण अण्णा ठाम होते. त्यांनी तिच्यासाठी पत्र्याची निळी ट्रंक आणली, तिच्यावर स्वतः बारीक ब्रशने तिचं नाव घातलं. ताई मामाबरोबर नाशिकला अर्ज भरून आली तेव्हा चपलेचा पट्टा तुटला म्हणून तिने एक नवीन ट्यूब आणली होती. करंगळीएवढी. एका थेंबात, धरायच्या आत चिकटते म्हणे. चपलेचा पट्टा खरोखरच तिने चिकटवून दाखवला. मी बघतच राहिले. इतकी वर्षं शंभर आणि पुन्हा शंभर मोजत बसलेली मी!

अण्णा येण्याच्या आदल्या दुपारी मी ती ट्यूब ताईला न विचारता घेतली आणि उरलेल्या सगळ्या काचा लावून टाकल्या. अर्ध्या तासात. वासाने डोळ्यांत पाणी आलं, दोन बोटं एकमेकांना चिकटली ती ओढून काढताना कातडं निघालं. पण गाडी पुरी झाली होती आणि काय दिसत होती! धूळ बसू नये म्हणून मी ती पत्र्याच्या डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं. अण्णांना चकित करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णा सकाळच्या जीपने आले, आंघोळ करून पडवीत बसले. मी डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी झाकण काढलं आणि गाडी दोन्ही हातांत उचलली. "अरे! सगळ्या लावल्यास?" ते म्हणाले. "कशानं लावल्यास?"

मी मागून बघत होते आणि तेव्हाच मला दिसलं. काचा पांढुरक्या झाल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. आरशावर उच्छ्वास टाकावा तशा. अण्णांनी लावलेल्या चारसुद्धा. त्या ट्यूबमधला चिकट पदार्थ सुकताना त्याची वाफ निघते आणि बंद डब्यात ती काचांवर बसते, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या वेळी एवढंच समजलं की आठ महिन्यांचं काम मी घालवलं.

"आपल्याच पांढऱ्या डिंकानं," मी म्हणाले.

"छान बसवल्यास गं," अण्णा म्हणाले. त्यांनी गाडी उजेडाकडे धरली. अंगठ्याने एक काच पुसली. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. पुन्हा गाडी उजेडाकडे धरली. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सुमे, काचा स्वच्छ आहेत ना?"

मी तेरा वर्षांची होते. अण्णांनी मला कधी मारलं नव्हतं. तरी मी म्हणाले, "हो अण्णा. एकदम स्वच्छ."

त्यांनी मान हलवली. गाडी डब्यात ठेवली, डबा धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि आत जाऊन मोठ्या पेटीच्या तळाशी ठेवून दिला. मला वाटलं, सुटले.

माझे आजोबा, अण्णांचे वडील, आंधळे होऊन गेले होते. काचबिंदू. त्यांना आधी दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, मग प्रत्येक गोष्ट धुरकट काचेतून बघितल्यासारखी दिसू लागली आणि मग काहीच दिसेनासं झालं. आठ वर्षं अण्णांनी त्यांना हाताला धरून फिरवलं होतं. हा आजार बापाकडून मुलाकडे येतो असं त्या काळच्या डॉक्टरांनी अण्णांना सांगितलेलं होतं, आणि तेव्हापासून ते त्याची वाट बघत होते, हे आईला ठाऊक होतं. मला नव्हतं.

त्या रविवारनंतर अण्णा पडवीत बसेनासे झाले. दगडांच्या चुलीत पालापाचोळा साठला. आई पहिल्यांदा खूश झाली, मग घाबरली. संध्याकाळी आल्यावर अण्णा एका खुर्चीवर बसून दिव्याकडे बघत राहायचे. कधी डोळे मिटून घरात चालायचे, हात पुढे करून. ओट्यापासून नळापर्यंत किती पावलं, देवघराचा उंबरा कुठे येतो, हे ते मोजत होते. डोळे मिटून सदऱ्याची बटणं लावायचे. एकदा पायरी चुकून पडले आणि हनुवटी फुटली. आईने विचारलं तर म्हणाले, घसरलो. मी सगळं बघत होते आणि मला काही म्हणजे काही उमगत नव्हतं. शपथेवर सांगते, तोवर उमगत नव्हतं.

उमगलं ते एका सकाळी. आई चुलीपाशी होती, अण्णा तिच्याजवळ पाटावर बसले होते. मी दाराआड केस विंचरत होते. अण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "अण्णांसारखंच सुरू झालंय माझं." ते त्यांच्या वडिलांनाही अण्णाच म्हणत.

आईच्या हातातली भाकर तशीच राहिली. "कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? सुमीला काचा स्वच्छ दिसतात आणि मला त्या पांढऱ्या दिसतात. त्या डिंकाचा डाग पडत नाही, मला माहीत आहे. दोष माझ्यात आहे."

"मग डॉक्टरला दाखवू या. नाशिकला जाऊ."

"अण्णांना काय कमी दाखवलं? आणि कचेरीत कळलं तर उद्या घरी बसवतील." मग ते म्हणाले, "वत्सूचं लग्न करून टाकू. डोळे आहेत तोवर तिला बघू दे मला."

मी दाराआड उभी होते. फणी हातात होती. दोन पावलं पुढे टाकली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. जन्मभर मी ती दोन पावलं मोजत आले आहे. पण भाकरीला पाणी लावत आई रडायला लागली, अण्णा उठून गेले आणि मी मागल्या दाराने शाळेत गेले.

ताईला अण्णांनी स्वतः सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, उपाशी राहील. ती हट्टी होती. अकरावीला सायन्स घेण्यासाठी तिने आईशी पंधरा दिवस अबोला धरला होता. पण अण्णांनी डोळ्यांचं सांगितलं आणि ती गप्प बसली. फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, अण्णा." वाडा तालुक्यातलं एक स्थळ आलं. मुलगा तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा, किराणा दुकान, एकत्र कुटुंब. महिनाभरात सगळं ठरलं. नाशिकची निळी ट्रंक लग्नाच्या सामानाची झाली.

त्या महिन्यात अण्णा रोज सकाळी ताईला दारातल्या उजेडात बसवायचे आणि तिच्याकडे बघायचे. नुसते बघायचे. ताई मान खाली घालून गहू निवडत बसायची. एकदा तिने मला नळावर विचारलं, "सुमे, माझी ती ट्यूब पाहिलीस का गं? चप्पल पुन्हा सुटलीय." मी म्हटलं, हरवली असेल. मग मी म्हटलं, "ताई, मला तुला एक सांगायचंय." तिने कळशी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "आता नको. आता कुणी काही बोललं की मला रडू येतं." मी पुन्हा विषय काढला नाही. तिने नको म्हटलं, याचाच मला आधार वाटला, हेही लिहून ठेवते.

लग्नात अण्णा अंतरपाटाजवळ इतके पुढे उभे राहिले की भटजींनी दोनदा मागे सरकायला सांगितलं. ते सरकले नाहीत.

पुढच्या वर्षी जव्हारला डोळ्यांचं शिबिर लागलं. आईने देवाच्या शपथा घालून अण्णांना नेलं, मलाही बरोबर घेतलं. एका शाळेच्या वर्गात बाकांवर माणसं बसली होती, पाड्यापाड्यांवरून आलेली म्हातारी माणसं, डोळ्यांवर हात घेऊन. तरुण डॉक्टरांनी अण्णांच्या डोळ्यांत थेंब घातले, तासाभराने बॅटरी लावून दोन्ही डोळे पाहिले, यंत्राने डोळ्यांतला दाब मोजला. मग म्हणाले, "काका, कुठे आहे काचबिंदू? चष्म्याचा नंबर वाढलाय फक्त. छान आहेत डोळे."

आईने तिथल्या तिथे हात जोडले. अण्णांनी पुन्हा विचारलं, "नीट बघितलंत ना?" डॉक्टर हसले. परतीच्या जीपमध्ये आई एकटीच बोलत होती, कुठल्या देवाला काय बोलली होती ते. अण्णा बाहेर बघत होते. मी माझ्या हातांकडे बघत होते.

नवा चष्मा आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी पेटीतून डबा काढला आणि गाडी घेऊन दारात बसले. आई नळावर गेली होती. मी आतून बघितलं. त्यांनी नखाने एक काच खरवडली, नखावरची पांढरी भुकटी बघितली, काचेच्या कडेला सुकलेला कडक थेंब बोटाने चाचपला. पांढरा डिंक असा सुकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"सुमे," त्यांनी हाक मारली. मी जाऊन उभी राहिले. "काय लावलं होतंस?"

मी सांगितलं. ट्यूब, दुपार, डबा, सगळं. दाराआड ऐकलेलंही सांगितलं. सांगताना मला हुंदका आवरेना. मला वाटत होतं ते मारतील आणि मारावं असंही वाटत होतं.

त्यांनी गाडी पायाशी ठेवली. मग म्हणाले, "डोळे चांगले आहेत म्हणाला डॉक्टर, तेव्हापासून मी हाच विचार करतोय, की मग मी त्या पोरीला कशासाठी पाठवलं." अण्णांना रडताना मी तेव्हा पाहिलं, पुन्हा कधी नाही. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "चूक माझी. तुला विचारलं आणि डॉक्टरला विचारलं नाही. पण वत्सूला हे कधी सांगू नकोस. ती बापाच्या डोळ्यांसाठी गेली, असं तिला वाटतंय. तेवढं तरी तिच्याकडे राहू दे."

त्यांनी ताईला कळवलं की औषधाने डोळे सुधारले. आईला तर तो तिच्या नवसाचाच गुण वाटत राहिला. अण्णा पुढे पुष्कळ वर्षं जगले, शेवटपर्यंत त्यांना चष्म्याने स्वच्छ दिसत होतं. त्यांनी पुन्हा काही केलं नाही. सोनीबाय बाजारात विचारायची, "बाबाला डिंक नको का आता?" मी म्हणायची, नको.

ताईचा संसार वाईट झाला असं मी म्हणणार नाही. भावजी भले होते. तीन मुलं झाली, दुकान वाढलं. पण दुकानाच्या गल्ल्यामागे बसलेली ताई मी बघायची आणि मला आठवायचं की आमच्या गल्लीत कुणाला खरचटलं तरी ही डेटॉल घेऊन धावायची. वाड्याला दवाखान्यातल्या नर्सबाई दुकानात आल्या की ताई त्यांना सगळ्यांच्या आधी माल द्यायची.

अण्णांचा शब्द मी पाळला, ते असेपर्यंत आणि ते गेल्यावरही. मागच्या दिवाळीत ताई माझ्याकडे आठ दिवस राहायला आली होती. भावजी जाऊन दोन वर्षं झाली होती. दुपारी आम्ही दोघी लाडवांसाठी डिंक निवडत बसलो होतो. ती सहज म्हणाली, "माझं काही का होईना, अण्णांचे डोळे सुधारले, तेवढं देवानं ऐकलं." आणि मला ते सहन झालं नाही. एवढ्या वर्षांत ती असं कितीदा तरी म्हणाली होती. त्या दिवशी झालं नाही. मी सगळं सांगितलं.

ती निवडत राहिली. मग तिचा हात थांबला. "आईला माहीत होतं?"

"नाही."

"अण्णांना?"

"नंतर कळलं. शिबिरानंतर."

ती परातीकडे बघत होती. बासष्ट वर्षांची माझी बहीण, केस सगळे पांढरे. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, लहान होतीस. मी त्याचीच वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

"मला भांडता आलं असतं," ती म्हणाली. "अण्णांशी मी भांडले असते, सुमे. आणि मी जिंकले असते. पण आंधळ्या होणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?"

ती उठली, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. रात्री जेवायला आली, नातवाशी बोलली, माझ्याशीही भाजीत मीठ किती वगैरे बोलली. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. अजून चार दिवस राहायचं होतं. मी म्हटलं, "स्टँडवर येते सोडायला." ती म्हणाली, "नको. तू येऊ नकोस."

मी गेले नाही. दुपारी तिचा फोन आला. "पोचले," एवढंच म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत ठेवून दिला.